दुसरं कुलूप

रात्रपाळी सुटली तेव्हा श्रीमंत बिरादारच्या अंगात फक्त घरी जाण्यापुरतं बळ उरलं होतं. रात्री दवाखान्याची लिफ्ट बंद पडली, आणि दोन पेशंट त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं स्ट्रेचरवर घालून जिन्यानं वर चढवले. पहाटे एक म्हातारबा गेला. त्याच्या नळ्या काढत, चादरी बदलत, त्याच्या माणसांना पाणी देत उजाडलं. हजेरीच्या मशीनवर अंगठा टेकवून श्रीमंत मागच्या दारानं बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून बागेच्या भिंतीकडं निघाला.

दवाखान्याच्या आवारात डॉक्टरांच्या मोटारी लागत, स्टाफच्या मोटारसायकली लागत. सायकलीला आत जागा नव्हती. आया, वॉर्डबॉय, नर्सिंगच्या पोरी, ज्यांच्याकडं सायकल होती ते सगळे समोर बागेच्या भिंतीला महापालिकेनं बसवलेल्या लोखंडी स्टँडला सायकली लावत. स्टँडला राखणदार नव्हता. ज्याचं त्याचं कुलूप आणि ज्याचं त्याचं नशीब.

श्रीमंतची काळी सायकल नेहमीच्या जागी उभी होती. त्यानं वाकून मागच्या चाकाचं कुलूप उघडलं आणि सायकल ओढली. ती आली नाही. पुन्हा ओढली, तर लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज झाला. तेव्हा कुठं त्यानं नीट पाहिलं. पुढच्या चाकातून, फ्रेमच्या दांड्याखालून आणि स्टँडच्या गजातून एक जाड साखळी फिरवलेली होती. पिवळ्या रेग्झिनच्या नळीत घातलेली, आणि टोकाला चांगलं मुठीएवढं कुलूप. ते कुलूप त्याचं नव्हतं.

आधी त्याला वाटलं, झोपेच्या तारेत आपण दुसऱ्याच सायकलीपाशी आलो. पण मागचं कुलूप तर आपल्याच किल्लीनं उघडलं. मग वाटलं, शेजारच्या कुणीतरी घाईत आपली सायकल समजून हिलाच साखळी घातली असेल. त्यानं शेजारच्या सायकलींकडं पाहिलं. त्यातली एक लाल, लेडीज, नव्यासारखी सायकल होती. तिच्या मागच्या चाकाला तसंच पिवळ्या नळीचं कुलूप लावलेलं होतं. जोडीतलं.

"कुनाची सायकल ओ ही?" त्यानं कोपऱ्यावरच्या महादेवप्पाला विचारलं. महादेवप्पाचं पंक्चरचं दुकान म्हणजे लिंबाच्या झाडाखाली एक पेटी, एक पंप आणि पाण्याचं एक घमेलं.

"नर्सिंगची पोरगी हाय, पांढऱ्या ड्रेसातली. कालपासनंच दिसून राहिली." महादेवप्पा ट्यूबला हवा भरत म्हणाला. "तुमच्या सायकलकडं लई बघत व्हती बघा. खाली वाकून, मागं जाऊन, हात लावून. मग मघाशी ड्युटीवर जाताना आपल्या सायकलची साखळी काढली अन् तुमच्या सायकलला घातली. मला वाटलं तुमची कुनी पावनी हाय."

"माझी कोन असनार?"

"ते तुमी सांगा."

श्रीमंत भिंतीला टेकून बसला. उन्हाळा लागला होता. आठ वाजले नाहीत तोच भिंत तापायला लागली होती. घर नदीच्या पलीकडं, सिडकोच्या अंगाला. पुलावरून चालत जायचं म्हणजे तासभर, आणि आज त्याच्या गुडघ्यांत तो तास नव्हता.

ही सायकल वीरेशनं आणून दिली होती. वीरेश त्याचा एकुलता एक. बारावीला दोनदा गचकला, मग लातूरला गेला आणि तिथं एका मेसचे डबे पोचवायला लागला. क्लासला शिकणारी खेड्यापाड्यातली पोरं-पोरी होस्टेलवर राहतात, त्यांना दोन वेळचा डबा. दीड वर्षामागं दिवाळीला तो एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी आला. दारात ती उभी केली, घंटी वाजवली आणि म्हणाला, "अप्पा, तुमच्यासाठी घेतली." त्याच्या आईनं, केवळाबाईनं, सायकलीला हळदकुंकू लावलं. श्रीमंतनं गल्लीतल्या प्रत्येकाला, विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी, सांगितलं की पोरानं सायकल घेतली. जन्मभर नावाच्या चेष्टा ऐकलेल्या माणसाला त्या दिवाळीला पहिल्यांदा वाटलं की आईबापानं आपलं नाव काही अगदीच चुकीचं ठेवलं नाही.

त्यानं मोबाईल काढला आणि वीरेशला लावला.

"अप्पा, ड्युटी सुटली का?"

"सुटली. आरं, सायकलला कुनीतरी दुसरं कुलूप लावून ठिवलंय."

पलीकडं डब्यांचा खणखणाट चालला होता. तो थांबला.

"कसलं कुलूप?"

"साखळीचं. एक पोरगी लावून गेली म्हनं. नर्सिंगची हाय."

श्रीमंतला वाटलं फोन कटला. त्यानं कानापासून काढून पाहिलं, चालूच होता.

"अप्पा, आयका," वीरेश म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "शेजारी पंक्चरवाला असंल ना? त्याच्याकडनं कापून घ्या. अन् घरी जावा. तिथं थांबू नका."

"का बरं?"

"तुमी रातभर दमलाव म्हनून."

"ती पोरगी येईल की दोन वाजता. विचारतो ना, का लावलंस म्हनून."

"कशाला विचारता? कापा म्हनलं ना अप्पा! अन् उद्यापासून तिथं लावूच नका, मागं मोंढ्याकडं लावत जा."

फोन बंद झाल्यावर श्रीमंत तो हातात धरून बसून राहिला. लेकरानं आजवर कधी म्हटलं नव्हतं, अप्पा तुमी दमलाव म्हणून. आज म्हटलं, तर त्याला बरं वाटायला पाहिजे होतं.

महादेवप्पानं पेटीतून हॅक्सॉ काढून ठेवलाच होता. "कापू का? ह्या नळीत नुसती साखळी असती, वेळ लागत न्हाई." त्यानं पातं साखळीवर टेकवलं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बिल-बील हाय ना सायकलचं घरी? न्हाई, त्या पोरीनं उद्या येऊन माझं मनगट धरलं तर म्हनून."

"लेकानं घेतली," श्रीमंत म्हणाला. "त्याच्याकडं असंल."

महादेवप्पानं एकदा हॅक्सॉ ओढला. पिवळ्या रेग्झिनवर चीर पडली. आत साखळी चमकली.

"राहू द्या," श्रीमंत म्हणाला.

"आं?"

"राहू द्या, महादेवप्पा. बसतो मी. येईल ती."

तो बसला. केवळाबाईला फोन करून सांगितलं की जादा ड्युटी लागली. हे खोटं का बोललो, तेही त्याला कळलं नाही. लिंबाची सावली सरकत गेली तसा तो सरकत गेला. डुलकी आली की डोकं छातीवर पडायचं आणि दचकून जाग यायची, आणि प्रत्येक वेळी जाग आल्यावर वीरेशचं तेच वाक्य कानात असायचं. तिथं थांबू नका. माणूस कुठं थांबू नको असं कधी सांगतो? त्यानं या विचाराला दोन-तीनदा बाजूला सारलं. मग दम संपला आणि विचार येऊन शेजारी बसला.

दोन वाजून गेल्यावर दवाखान्याच्या दारातून नर्सिंगच्या पोरी बाहेर आल्या. त्यातली एक थेट स्टँडकडं आली. एकोणीस-वीस वर्षांची, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा. दुरूनच तिनं श्रीमंतला सायकलीपाशी बसलेलं पाहिलं आणि तिची चाल बदलली. येताना भांडायच्या तयारीनं आली. जवळ आल्यावर तिनं त्याचा निळा सदरा पाहिला, खिशावरचं दवाखान्याचं नाव पाहिलं, आणि थबकली.

"ही सायकल तुमची आहे?"

"हाव सिस्टर." सवयीनं त्याच्या तोंडून आलं. तो भिंतीला धरून उभा राहिला. "म्हंजी, दीड वर्षं झालं, मीच चालवून राहिलो."

"ती माझी आहे," पोरगी म्हणाली. "लातूरला क्लासच्या स्टँडवरून चोरीला गेली होती. कुलूप कापून. निळी होती तेव्हा, आता काळी केली. पण कॅरिअरचा हा दांडा बघा, माझ्या वडिलांनी वेल्डिंग करून घेतलाय. आमच्या इस्लापूरच्या वेल्डरनं वाकडा लावला म्हणून वडील त्याला किती बोलले होते."

महादेवप्पा हातातलं काम सोडून उठून आला. "बाई, वाकडं वेल्डिंग तर आख्ख्या जिल्ह्यात सापडंल."

"नाव आहे माझं तिच्यावर." पोरगी खाली बसली. "आमच्या आजीला, धुरपताबाईला, सवय होती. घरात भांडं आलं की नाव घातल्याशिवाय वापरायचं नाही. सायकल आली तर ती म्हणाली, हिच्यावर पण घाला. भांड्यावर नाव घालणारा आला तेव्हा तिनं सीटखालच्या दांड्यावर घालून घेतलं. सगळे हसले तिला. बोट फिरवून बघा काका, रंगाखाली लागेल."

श्रीमंतनं बोट फिरवलं. बोटाला बारीक खड्डे लागले, एकापुढं एक. ते त्याला आधीही लागले होते, सीट वर-खाली करताना. गंज असेल असं वाटलं होतं. त्यानं किल्लीच्या टोकानं रंग खरवडला. काळ्या पापुद्र्याखाली निळा, आणि निळ्यात ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. घरच्या तांब्यावर असतात तशीच. रेणुका लिंबाजी सोनकांबळे.



"कुणाकडून घेतली तुम्ही?" रेणुकानं विचारलं.

महादेवप्पा मध्येच म्हणाला, "जुन्या बाजारातनं घेतली असंल, दुसरं काय. तिथं कोन विचारतंय कुनाची म्हनून?" आणि त्यानं श्रीमंतकडं पाहिलं. वाट मोकळी करून दिली होती त्यानं. नुसतं हो म्हणायचं होतं.

श्रीमंतच्या जिभेवर हो आलंसुद्धा. पण तोंड इतकं कोरडं पडलं होतं की ते बाहेर पडायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात ते त्याला नको झालं.

"माझ्या लेकानं दिली," तो म्हणाला. "लातूरला असतो. मेसचे डबे पोचवतो."

रेणुकानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग जास्तच निरखून पाहिलं, जणू त्या तोंडात दुसरं कुणीतरी शोधते आहे.

"वीरेशदादा?" ती म्हणाली.

श्रीमंतनं मान हलवली.

"ते आमच्या होस्टेलवर डबा आणायचे." ती हळू बोलत होती, स्वतःशीच जुळवत. "सायकल गेली त्या दिवशी मी स्टँडवर रडत बसले होते. तेच आले. म्हणाले, चला ताई, शोधू. माझ्याबरोबर दोन गल्ल्या फिरले. प्रत्येक दुकानात विचारलं त्यांनी. मग मला होस्टेलपर्यंत सोडलं. वडील तक्रार द्यायला आले तेव्हा दादाच त्यांना म्हणाले, पोलिसात जाऊन काय होत नाही मामा, उगं हेलपाटे; वडिलांनी तरीही दिली. आणि दुसऱ्या दिवशी डब्यात जिलेबी जास्तीची घातली होती."

श्रीमंतला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती, की पोर तसं नाही म्हणायचं होतं, की दोन्ही.

"त्यानंतर सांजच्या टेस्टला मी जाणं सोडलं," रेणुका म्हणाली. "क्लास लांब होता, रस्त्यात अंधार. दुसरी सायकल यायला उन्हाळा उजाडला. सायकलमुळं माझा डॉक्टरचा नंबर गेला असं मी म्हणत नाही काका. गेला असता, नसता, कुणाला माहिती. पण ते दिवस गेले ते गेले. तेव्हापासून मी दोन कुलपं लावते. एक चाकाला, एक स्टँडला. एवढीच अक्कल आली."

श्रीमंतनं आपल्या कुलपाची किल्ली तिच्यापुढं धरली. "घ्या सिस्टर. तुमची चीज तुमी न्या. अन् वडिलांना सांगा सगळं. नाव-गाव सांगा. मी काय म्हननार न्हाई."

तिनं किल्ली घेतली. पिवळी साखळी काढताना तिला ती चीर दिसली. तिनं त्यावर बोट फिरवलं, पण विचारलं नाही. साखळी पिशवीत टाकली आणि मग दोन सायकलींच्या मध्ये उभी राहिली. एक बसून न्यायची तर दुसरीचं काय? सकाळपासूनच्या ड्युटीनं तिचेही पाय दुखत असणार. ती पहिल्यांदाच घरची पोरगी असल्यासारखी गोंधळलेली दिसली.

"होस्टेल कुठंशिक हाय?" श्रीमंतनं विचारलं.

"स्टेशनकडं."

"चला. मी ढकलतो ही."

"नको काका. तुम्ही रात्रपाळीचे ना? डोळे बघा तुमचे."

"चला म्हनलं ना."

भर दुपारी ते दोघं निघाले. ती पुढं लाल सायकल हातानं चालवत, तो मागं काळी घेऊन. तिनं एकदा म्हटलं, बसून चला ना काका, चालत कशाला. तो नको म्हणाला. त्या सीटवर बसणं आता त्याच्यानं होणार नव्हतं. रस्त्यात फारसं बोलणं झालं नाही. वडील वनखात्यात गार्ड आहेत, आजी मागच्या पावसाळ्यात गेली, एवढं तिनं सांगितलं. होस्टेलच्या फाटकात त्यानं सायकल तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "काका, पाणी घेता का?" तांब्यातलं अर्धं पाणी तो प्यायला. उरलेलं तोंडावर मारलं आणि तसाच बसस्टँडला गेला.

लातूरची गाडी लागलेली होती. खिडकीपाशी जागा मिळाली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. सगळी गाडी झोपली, कंडक्टरसुद्धा झोपला, आणि ज्याला झोपेची सगळ्यांत जास्त गरज होती तो तेवढा जागा राहिला. काय बोलायचं ते त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं. लहानपणी मारायचा तसं मारायचं, असंही एकदा मनात आलं. पण चाकूर येईपर्यंत त्याला एक वेगळीच गोष्ट टोचायला लागली. दिवाळीला सायकल दारात आली तेव्हा त्यानं हँडल पाहिलं, सीट दाबून पाहिली, घंटी वाजवली. कुठून घेतली, हे मात्र विचारलं नाही. नवा रंग अजून बोटाला चिकटत होता, तरी विचारलं नाही. का नाही विचारलं? आनंदात राहून गेलं म्हणावं, तर ते पूर्ण खरं नव्हतं.

वीरेशची खोली मेसच्या मागं, पत्र्याची. श्रीमंत पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. वीरेश दारात उकिडवा बसून डबे पुसत होता. बापाला पाहून उठला नाही. हातातला डबा तेवढा पुसत राहिला.

"आलाव," तो म्हणाला.

खोलीच्या मागच्या भिंतीला पोतं टाकून काहीतरी झाकलेलं होतं. श्रीमंतनं जाऊन पोतं उचललं. दोन सायकली. एक हिरवी, एक गुलाबी. गुलाबीच्या हँडलला कुणाच्या तरी हौसेच्या रंगीत झिरमिळ्या अजून लटकत होत्या.

"कापून घरी जायला काय झालं व्हतं तुमाला?" वीरेश मागून म्हणाला. आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता, श्रीमंतच्या अंगात होता तसाच. "सांगितलं ना मी."

"त्या पोरीसंग शोधायला गेलतास तू?"

वीरेशनं मान खाली घातली.

"बोल की."

"ती रडत व्हती," वीरेश म्हणाला. "मग काय करू?"

श्रीमंत उंबऱ्यावर बसला. मारायला उचललेला हात घेऊन आला होता, पण तो हात आता मांडीवर मेल्यासारखा पडला होता.

"माझ्यासाठी कशाला आनलीस?"

"तुमी चालत जायचाव पुलावरनं. पावसात, उन्हात. पाय सुजायचे तुमचे. आई फोनवर सांगायची." वीरेशनं डबा खाली ठेवला. "इथं स्टँडवर शंभर-शंभर सायकली पडून असतात अप्पा. कुलूप म्हंजी दोरीसारखं, कटर लावला की तुटतं. पोरं रडतात, चार दिसांत बाप नवी घेऊन देतो. मला वाटलं, एकच. तुमच्यासाठी घेतली तेवढी एकच."

"घेतली म्हनू नको."

"चोरली," वीरेश म्हणाला.

हा शब्द निघाल्यावर दोघांनाही थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

"मग ह्या?"

"एक जमली की दुसऱ्यांदा भ्या वाटत न्हाई."

मेसच्या भटारखान्यातून फोडणीचा वास येत होता. आतून कुणीतरी वीरेशला हाक मारली, डबे भर म्हणून. तो गेला नाही.

श्रीमंत उठला. उठताना भिंतीला हात लावावा लागला. त्यानं हिरवी सायकल भिंतीपासून काढली. "चल."

"कुठं?"

"ठान्यावर."

"अप्पा, आत टाकतील."

"टाकतील."

"आईला काय सांगाल?"

"हेच."

"स्टँडवर नेऊन ठिवू ना गुपचूप. ज्याची त्याला मिळंल."

श्रीमंतला क्षणभर ते पटलं. मग तो म्हणाला, "बिनकुलपाची ठिवली तर सकाळपर्यंत दुसराच नेईल. अन् कुलूप लावलं तर किल्ली कुनाला देनार?"

श्रीमंत हिरवी सायकल ढकलत गल्लीतून निघाला. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि मागं कुणी नसतं, तर पुढं एक पाऊलही टाकवलं नसतं. कोपऱ्यापर्यंत त्याला फक्त आपल्याच सायकलीच्या फ्रीव्हीलची टकटक ऐकू आली. मेडिकलच्या दुकानापाशी तिच्यात दुसरी टकटक मिसळली. बेताच्या अंतरानं, पण येत होती.

ठाण्यात गर्दी नव्हती. हवालदारानं आधी दोघांनाही तक्रार द्यायला आलेलं समजून उद्या या म्हणून सांगितलं. उलटी गोष्ट त्याला समजावून सांगायला बराच वेळ लागला. मग त्यानं साहेबांना बोलावलं, वीरेशला आत घेतलं आणि श्रीमंतला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. साहेब विचारत होते आणि वीरेश सांगत होता. कटर कुठून आणला, कुठला क्लास, कुणाला विकल्या. श्रीमंतनं ठरवलं होतं, सगळं ऐकायचं, एक शब्द सोडायचा नाही. आपल्याच घरचं आहे, आपणच ऐकायला पाहिजे. पण पोराचा आवाज एका लयीत चालला होता, लहानपणी धडा वाचायचा तसा, न अडखळता, आणि ऐकता ऐकता श्रीमंतची मान भिंतीला लागली. नंतर हवालदारानं खांदा हलवला तेव्हा बाहेर सकाळची झाडलोट चालली होती.

जामीन व्हायला वेळ लागला. देगलूरकडचे केवळाबाईचे भाऊ धावले, नाहीतर आणखी लागला असता. केवळाबाई पहिले काही दिवस नवऱ्याशी बोलली नाही. मग एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "तुमी घरी येऊन झोपला असता तर?" श्रीमंत म्हणाला, "मलाबी तेच वाटतं कधी कधी." तिनं भाकरी ताटात टाकली आणि तिथंच बसून राहिली.

रेणुकाची काळी सायकल पुन्हा तिच्या हातून गेली. मुद्देमाल म्हणून ती लातूरच्या ठाण्यात जमा करावी लागली आणि कोर्टाचा हुकूम होईपर्यंत तिथंच उभी राहिली. श्रीमंतला याचं सगळ्यांत वाईट वाटलं. वॉर्डात ती भेटली की तो नजर चुकवायचा. ती मात्र पेशंटचं स्ट्रेचर घ्यायला त्याच्या बरोबरीनं हात लावायची. एकदा तिच्या वडिलांचा, लिंबाजी सोनकांबळेंचा फोन आला. ते फार गोड बोलले नाहीत. "तक्रार मी मागं घेणार नाही," ते म्हणाले. "इतर पोरांच्या पण गेल्यात. पण तुमचा पोरगा स्वतः आला, हे कोर्टात मला विचारलं तर सांगीन. खरं आहे तेवढं सांगीन." श्रीमंत म्हणाला, "तेवढंच सांगा साहेब."

वीरेश घरी आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. लातूरचं काम गेलं होतं. गल्लीत मान खाली घालून चालायचा, दिवसभर पत्र्याखाली पडून राहायचा, आणि तारखेला तेवढा बापाबरोबर लातूरला जायचा. बापलेक फार बोलत नसत. बोलायचं ते त्या संध्याकाळी उंबऱ्यावर बोलून झालं होतं.

एका संध्याकाळी श्रीमंत निळा सदरा घालून रात्रपाळीला निघाला. डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या. वीरेश आतून उठून दारात आला.

"अप्पा, सोडून येऊ का?"

"कशावर?"

वीरेशनं बापाच्या हातातली डब्याची पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि बरोबर चालायला लागला. गल्ली संपली, रस्ता आला, पूल लागला. खाली गोदावरीला पाणी चांगलं होतं. गाड्या धूळ उडवत शेजारून जात होत्या, म्हणून वीरेश कडेच्या बाजूनं न चालता रस्त्याच्या बाजूनं चालत होता.

"पाय दुखतात का?" त्यानं विचारलं.

"दुखतात," श्रीमंत म्हणाला.

अर्ध्या पुलावर तो कठड्याला टेकून जरा थांबला. वीरेशही थांबला. दम खाऊन झाल्यावर दोघं पुन्हा चालू लागले.